जर्मनीतील बचावाची वाट

जर्मनीच्या महामार्गांवर वेगमर्यादा नसल्यामुळे तेथे कसेही वाहन चालवले तरी चालते, असे म्हटले जाते; त्या विधानाला पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. बऱ्याच भागांत सक्तीची मर्यादा नाही हे खरे; पण ताशी १३० किलोमीटर हा वेग शिफारस म्हणून ठरलेला आहे, आणि एरवी पुढच्या वाहनाला उजवीकडून ओलांडण्यास मनाई असल्याने डावी मार्गिका ओलांडण्यापुरतीच वापरून पुन्हा उजवीकडे परतावे लागते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती मात्र ‘रेटुंग्सगासे’, म्हणजे बचावाची वाट. वाहतूक खोळंबू लागली, की रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येण्याची वाट न पाहता सर्वांत डाव्या मार्गिकेतील वाहनांनी डाव्या कडेला, तर उरलेल्या सर्व मार्गिकांतील वाहनांनी उजवीकडे सरकायचे असते, जेणेकरून मधोमध मोकळी वाट राहते. ही वाट न केल्यास किमान २०० युरो दंड आणि महिनाभर वाहन चालवण्यास बंदी होते. भारतातून नव्याने गेलेल्यांनी हे आधीच मनात पक्के करावे, कारण रुग्णवाहिका दिसताच सरसकट डावीकडे सरकण्याची आपली सवय तेथे नेमकी तीच वाट अडवू शकते.