घरगुती पौष्टिक बेकरीसाठी ऑर्डरचे ॲप: पहिल्या पडद्यावर काय असावे?

प्रश्न — जुळे सोलापूर

नमस्कार. माझी आत्या जुळे सोलापुरात घरूनच छोटी बेकरी चालवते. मैदा आणि वनस्पती तूप न वापरता ज्वारीची बिस्किटे, नाचणी-खजुराचा केक, बाजरी-तिळाच्या खाऱ्या पट्ट्या, राजगिरा-शेंगदाण्याच्या वड्या असे सात-आठ पदार्थ ती करते. ती स्वतः, मदतीला येणाऱ्या एक ताई आणि दोन ओव्हन, एवढाच सगळा पसारा आहे. मी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून तिच्यासाठी मोबाईलवरून ऑर्डर घेणारे ॲप करायला घेतले आहे.

सध्या ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येतात आणि आत्या त्या वहीत उतरवून घेते. मागच्या महिन्यात शनिवारचा शेवटचा केक एका ग्राहकाला फोनवर आणि दुसऱ्याला मेसेजवर कबूल झाला. त्यातला एक केक एका आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी होता, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. आत्या रात्री एक वाजेपर्यंत जागून दुसरा केक करत बसली. ॲपचा विचार त्या रात्रीपासून सुरू झाला.

मी कागदावर एकेक पडदा काढून सात नेहमीच्या ग्राहकांना दाखवला. छायाचित्रे सगळ्यांना आवडली. पदार्थ निवडणे, पत्ता भरणे, पैसे देणे हे सगळे सुरळीत झाले आणि त्यानंतर ‘ही ऑर्डर परवा मिळेल’ असे लिहिलेला पडदा आला. तिथे सातपैकी चार जणांनी कागद खाली ठेवले. एक काकू म्हणाल्या, ‘परवा मिळणार हे आधीच सांगितले असतेस तर मी दुसरे काही घेतले असते. माझी भिशी उद्या आहे.’

माझे प्रश्न असे आहेत. पहिल्या पडद्यावर पदार्थ दाखवावेत की आणखी काही? ॲप प्ले स्टोअरवर टाकावे की मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडणारे करावे? आणि पौष्टिकतेबद्दल किती माहिती द्यावी? ‘यात साखर आहे का’ हा प्रश्न आत्याला दिवसातून अनेकदा येतो.

उत्तर १ — कडक भाकरी, अक्कलकोट रोड

मी बचत गटाच्या माध्यमातून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय करते. मला ॲप बनवता येत नाही, पण तुम्ही सांगितलेली अडचण मला पडद्याची वाटत नाही, ती ओव्हनची आहे.

कडक भाकरी नीट वाळलेली असली की बरेच दिवस टिकते. त्यामुळे मी ती करून ठेवते आणि मागणी येईल तशी विकते. तुमच्या आत्याची बिस्किटे आणि पट्ट्याही बरणीत राहतात, पण केक तसा राहत नाही. तो तारखेवरच विकावा लागतो. म्हणजे एकाच स्वयंपाकघरातून दोन स्वभावांचा माल बाहेर पडतो आणि ॲपमध्ये मात्र तुम्ही ते एका रांगेत, सारख्याच चौकटींत मांडले आहेत. ‘आज तयार आहे’ आणि ‘सांगितल्यावर करून देतो’ असे दोन भाग पहिल्याच पडद्यावर करा आणि त्यांच्याही वर ‘आपल्याला कधी हवे आहे?’ हा प्रश्न ठेवा. आज, उद्या, परवा किंवा पुढची तारीख, यांपैकी एक निवडल्यावर त्या दिवशी जे खरोखर मिळू शकते तेवढेच खाली दिसू द्या.

यासाठी आधी एक काम करावे लागेल. दोन दिवस आत्यांजवळ घड्याळ घेऊन बसा आणि एका घाण्याला किती वेळ लागतो ते लिहून काढा. नुसती भाजण्याची मिनिटे धरू नका. नाचणीत ग्लुटेन (गव्हाच्या पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन) नसल्यामुळे तो केक गरम असताना हलवला किंवा कापला की तुटतो, म्हणून निवण्याचा वेळही त्यात धरावा लागतो. मग भांडी धुणे, डबे भरणे, आणि दुपारी वीज गेली तर अडून राहणे. हे सगळे मिळून दिवसाला किती केक होतात तो आकडा काढा आणि त्यातून एक केक कायम राखून ठेवा. माझा अनुभव असा की हा राखलेला एक नग आठवड्यातून एकदा तरी घराची अब्रू वाचवतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. तुम्ही ॲप दिले म्हणून फोन येणे थांबणार नाही. फोनवरची ऑर्डर वहीत आणि मोबाईलवरची ॲपमध्ये, असे दोन हिशेब राहिले तर तो शनिवार पुन्हा येईल. म्हणून मदतीच्या ताईंच्या मोबाईलवर प्रत्येक पदार्थापुढे एकच मोठे बटण द्या: ‘फोनवर १ गेला’. नाव, पत्ता, रक्कम मागाहून भरता येते, पण शिल्लक आकडा त्याच क्षणी कमी झाला पाहिजे. ताईंचे हात पिठाचे असतात हे लक्षात घेऊन ते बटण करंगळीने दाबता येईल एवढे मोठे करा. त्याशेजारी ‘आज बंद’ असे दुसरे बटणही हवे.

संक्रांतीच्या दिवसांचाही विचार आत्ताच करून ठेवा. भोगीला बाजरी आणि तीळ घराघरांत लागतात, त्याच सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि बाहेरगावचे पाहुणे घरी येतात. त्या आठवड्यात रोजचा आकडा चालत नाही. आगाऊ ऑर्डरची मुदत वेगळी ठेवावी लागते आणि ती संपली की ॲपने नम्रपणे नाही म्हणावे, कारण समोर ओळखीचा माणूस असला की आत्यांना ते जमणार नाही.

उत्तर २ — पडदे आणि अक्षरे

मी मोबाईल ॲपच्या मांडणीचे काम करतो. वरच्या ताईंनी दिलेला सल्ला आमच्या क्षेत्रातल्या अनेक सल्ल्यांपेक्षा मोलाचा आहे, त्यामुळे मी फक्त तांत्रिक बाजू सांगतो.

सुरुवात ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ॲपने करा. त्याचे चिन्ह मोबाईलच्या मुख्य पडद्यावर ठेवता येते, व्हॉट्सॲपवर नुसता दुवा पाठवला की ग्राहक थेट आत येतो आणि आठ पदार्थांसाठी कोणाला मोबाईलमध्ये जागा मोकळी करावी लागत नाही. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. शिवाय प्ले स्टोअरवर नवे वैयक्तिक खाते काढले तर ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस त्याच्या चाचणीत सहभागी राहावे लागते. हे अशक्य नाही, पण तुमचे पहिले दोन महिने शिल्लक आकडा बरोबर राहतो की नाही हे पाहण्यात जायला हवेत.

तो आकडा कधी कमी करायचा, हेही ठरवून घ्या. ग्राहकाने केक निवडला की दहा मिनिटांपुरता तो त्याच्या नावावर राखावा, पैसे जमा झाले किंवा ऑर्डर पक्की झाली की कायमचा वजा करावा, आणि तसे झाले नाही तर आपोआप मोकळा करावा. नाही तर कोणी केक निवडून जेवायला बसला की तो केक दिवसभर अडकून पडेल. दोन ग्राहकांनी एकाच क्षणी शेवटचा केक दाबला तर काय होते, याची चाचणी दोन मोबाईल शेजारी ठेवून स्वतः करा. वजाबाकी ग्राहकाच्या मोबाईलवर न होता सर्व्हरवर, एकाच ठिकाणी झाली पाहिजे.

देवनागरीकडे विशेष लक्ष द्या. इंग्रजी मजकुरासाठी बेतलेल्या बटणात मराठी शब्द टाकला की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. ‘पुढे’चा उकार आणि मात्रा दोन्ही दिसत आहेत ना, हे स्वस्तातल्या मोबाईलवर पाहा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ हे टंक (फॉन्ट) मोफत मिळतात आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतात. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवा. बोटाने दाबायची प्रत्येक जागा किमान ४८ डीपी (अँड्रॉइडचे पडद्यावरील मापाचे एकक) असावी, अशी अँड्रॉइडची शिफारस आहे. ‘कार्ट’ऐवजी ‘पिशवी’ हा शब्द कागदी चाचणीत वापरून पाहा. किमतीचे आकडे मात्र इंग्रजी पद्धतीचे ठेवा, कारण यूपीआयच्या पडद्यावर लोक तेच वाचतात आणि दोन पडद्यांवर दोन प्रकारचे आकडे दिसले की माणूस पैसे देताना थबकतो.

घरपोच देताना रोख रक्कम घेण्याची सोय ठेवा, पण तारखेवर करून द्यायच्या केकसाठी निम्मी रक्कम आधी घ्या.

उत्तर ३ — आहार

मी आहारतज्ज्ञ आहे आणि मधुमेह असलेल्या रुग्णांबरोबर रोज काम करते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण ‘पौष्टिक’ हा शब्द वाचून माझे रुग्ण दोनाऐवजी चार बिस्किटे खातात.

गूळ ही साखरच आहे. खजुरातही साखर भरपूर असते. मैदा नसला आणि नाचणी असली, तरी त्या केकने रक्तातील साखर वाढते. म्हणून ‘शुगर फ्री’ हे शब्द कोठेही वापरू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये साखर ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक असेल तर तसा दावा करता येत नाही. गूळ, मध किंवा खजूर घालून ‘साखर मिसळलेली नाही’ असे लिहिणेही योग्य नाही. त्याऐवजी सरळ लिहा: ‘गोडीसाठी: खजूर आणि गूळ. एका तुकड्यात गूळ इतके ग्रॅम.’ आत्या वजन करूनच गूळ घालत असणार, त्यामुळे हा आकडा त्यांच्याकडे आधीच आहे. आणि तुकड्याचे वजन लिहायला विसरू नका.

धान्याचा आकडा पदार्थाला चिकटवू नका, ही दुसरी विनंती. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅल्शियम असते हे खरे आहे, पण बिस्किटात नाचणी किती आणि माणूस बिस्किटे किती खाणार, यावर त्याच्या वाट्याला येणारे कॅल्शियम ठरते.

शेंगदाण्याबद्दल तर अधिकच जपून राहा. सोलापूरच्या घरात शेंगदाणा नसलेले स्वयंपाकघर मिळणे कठीण आहे. ज्या मिक्सरमध्ये नाचणीच्या केकसाठी खजूर वाटला जातो, त्यातच आदल्या दिवशी शेंगा चटणी झालेली असू शकते. ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याच्या आईला हे ऑर्डर देण्याआधी कळले पाहिजे. ही सूचना ‘अधिक माहिती’च्या आत न दडवता पदार्थाच्या नावाखालीच द्या: ‘यात शेंगदाणा नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाणा वापरला जातो.’ ज्वारी, बाजरी, नाचणी यांत मुळात ग्लुटेन नसते, तरीही ती गव्हाच्याच चक्कीवर दळून आणली असतील तर ‘ग्लुटेन फ्री’ लिहू नका. त्यासाठी ग्लुटेनचे प्रमाण किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्याची खात्री लागते.

अंडे आहे की नाही, हे प्रत्येक पदार्थावर स्पष्ट हवे. नियमांप्रमाणे अंडे असलेला पदार्थ शाकाहारी धरला जात नाही, त्यामुळे त्याला हिरवे चिन्ह लावता येणार नाही. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक ॲपमध्ये दिसू द्या. ज्वारी मंगळवेढ्याची असे लिहायचे असेल तर ती खरोखर तिथूनच आणा, कारण मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या ज्वारीसाठी राखलेले आहे.

आणि यादीला एक गाळणी (फिल्टर) जरूर द्या: ‘उपवासाला चालते’. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे एकादशीच्या आदल्या दिवशी राजगिऱ्याच्या वड्या शोधायला लोकांना यादीभर फिरावे लागू नये. ग्राहकांना मधुमेह आहे का, असे मात्र ॲपमध्ये विचारू नका. ती माहिती तुम्हाला ऑर्डरसाठी लागत नाही, मग ती गोळा करून सांभाळण्याची जबाबदारी का घ्यायची?

उत्तर ४ — पूर्व भाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझी आई मराठी उत्तम बोलते, पण वाचताना अडखळते. चित्र आणि आकडा मात्र चटकन ओळखते. चार भाषांची भाषांतरे करत बसण्यापेक्षा प्रत्येक पदार्थाचे खरे छायाचित्र हातात धरून काढा, म्हणजे आकार कळतो. फोन लावण्याचे बटण प्रत्येक पडद्यावर असू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर — जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस आत्याजवळ बसून वेळ मोजला. मला वाटत होते की दिवसाला आठ केक होतात, प्रत्यक्षात पाच होतात आणि त्यातला एक राखायचा म्हणजे चार. केक निवायला जवळजवळ दीड तास लागतो, तो मी हिशेबात धरलाच नव्हता. मिक्सरबद्दलची शंकाही खरी निघाली; चटणी आणि खजूर एकाच भांड्यात वाटले जात होते. आत्याने खजुरासाठी वेगळे भांडे घेतले आहे. तरी सूचना राहील, कारण ओटा एकच आहे.

पडदे नव्याने काढले. आता सर्वांत वर तारीख आहे, तिच्याखाली त्या दिवशी मिळणारे पदार्थ, आणि प्रत्येकाखाली गोडी कशाची, अंडे आहे की नाही आणि शेंगदाण्याची सूचना. रविवारी त्याच भिशीच्या काकूंना पुन्हा दाखवले. त्यांनी ‘उद्या’वर बोट ठेवले, ज्वारीची बिस्किटे आणि तिळाच्या पट्ट्या एवढेच दिसल्यावर ‘बरे झाले, केक नाहीच म्हणजे’ असे म्हणून बिस्किटांचे दोन डबे निवडले आणि पैसे देण्याच्या पडद्यापर्यंत न अडखळता गेल्या. तिथे मान वर करून विचारले, ‘पण फोन केला तरी चालेल ना?’

फोनचे बटण वरच्या पट्टीत कायम ठेवले आहे. ताईंना ‘फोनवर १ गेला’ हे बटण दोनदा दाबून दाखवले, तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतः दाबले आणि लगेच वहीतही रेघ ओढली. आत्याचे म्हणणे आहे की महिनाभर वही आणि ॲप दोन्ही चालू ठेवायचे आणि रोज रात्री दिवा मालवण्याआधी दोन्ही आकडे जुळवून पाहायचे. तसेच करणार आहोत.