मदत हवी आहे: गॅस न पेटवता मेक्सिकन स्टार्टर
शनिवारी आमच्या कोथरूडच्या घरी १५ जण येतायत, किचन एवढंसं, म्हणून सगळं मेक्सिकन आणि बिनशिजवता करायचं ठरवलंय. साल्सा जमतो, टोमॅटो-कांदा-मिरची-कोथिंबीर बारीक चिरून वर लिंबू, आपली कोशिंबीरच की ती! सावर क्रीमऐवजी चक्का फेटून घेणारे. घोडं अडलंय ग्वाकामोलेपाशी, म्हणजे अवोकाडो कुस्करून केलेल्या चटणीपाशी. मागच्या वेळी अवोकाडो दगडासारखे कडक, केळ्यांसोबत कागदात गुंडाळून ठेवले तर दोन पिकले आणि दोन आतून काळे, शिवाय लिंबू पिळूनही तासाभरात सगळं वरून तपकिरी. प्लास्टिक रॅप अगदी पृष्ठभागाला चिकटवून लावायचा का? मंडईतून घेताना पिकलेला ओळखायचा कसा? आणि हो, सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्या वाटीत काय घालू तेही सांगा प्लीज.