एम्प्रेस मिल ही लँकेशायरची नक्कल नव्हती

नागपूरची एम्प्रेस मिल ही इंग्लंडमधील लँकेशायरच्या कापड गिरण्यांची हुबेहूब नक्कल होती, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. यंत्रे विलायती होती, हे खरे. सुरुवातीला स्वस्तात घेतलेली काही तर पुढे बदलावीही लागली. पण १८७४ साली जमशेटजी टाटांनी स्थापन केलेल्या ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग’ कंपनीने (तिची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केले त्याच दिवशी सुरू झाली, म्हणून ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी हे नाव) पुढच्या दशकात रिंग चातीवर सूत कातण्याचा जो प्रयोग केला, त्यात ती लँकेशायरच्या पुढे होती.

तिकडच्या गिरण्या तेव्हा म्यूल या सूत कातण्याच्या यंत्रावर विसंबून होत्या. म्यूलचा गाडा पुढे सरकताना धाग्याला पीळ बसतो आणि तो मागे येताना सूत चातीवर गुंडाळले जाते, म्हणजे एक काम चालू असताना दुसरे थांबलेले असते. रिंग चातीवर मात्र कड्यावरून फिरणारा एक छोटासा तारेचा आकडा पीळ आणि गुंडाळणी एकाच वेळी साधतो, त्यामुळे सूत अखंड निघत राहते. जमशेटजींनी ही पद्धत नागपुरात पारखून घेतली आणि मगच गिरणीत तिचा विस्तार केला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात धागा तुटू नये म्हणून खात्यांतील हवा दमट ठेवण्याची यंत्रणाही त्यांनी बसवली होती.