मदत हवी आहे: जुनी डिझेल पिकअप सकाळी हवा घेते, चेसिसला गंज, आणि पावसाळाभर उभी ठेवायची आहे

चुडतांची_सावली

नमस्कार मंडळी. गाडी २००९ ची पिकअप. अडीच लिटरचं साधं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन, टर्बो नाही, कॉमन रेल नाही, नोझलांना दाबाने डिझेल देणारा पंप रोटरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा कंपन्यांच्या भांडणात वाहून जाईल. घर गोव्यात पेडणे तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. आधीच्या मालकाकडे ही गाडी मासळीच्या पेट्या वाहायची.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पाच-दहा सेकंद चालते आणि बंद पडते. मग कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. फिल्टरवरचा हातपंप मारला की लगेच सुरू. दिवसभर मग काही तक्रार नाही. डिझेल कुठेही गळताना दिसत नाही. गॅरेजवाला म्हणतो पंप उतरवून पंप-नोझलवाल्याकडे द्या.

मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटे चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, चेसिसला पापुद्रे सुटलेत. काळं अंडरकोटिंग मारून घेऊ का?

जूनपासून चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत गाडी लागणार नाही. पत्र्याची शेड आहे, बाजू उघड्या, खाली माती. कशी ठेवावी? शेजारी सांगतात की आठवड्यातून पाच मिनिटं सुरू करत जा.

पंपनोझल

पंपाला हात लावू देऊ नका. जखम मांडीला आणि मलम शेंडीला असा प्रकार होईल, आणि बिल मात्र पंपाचं येईल. झिजलेला रोटरी पंप बहुधा गाडी गरम असताना त्रास देतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन आतल्या आत निसटतं आणि सेल्फवर पुरेसा दाब बनत नाही. तुमचं नेमकं उलटं आहे. रात्री डिझेल मागे टाकीत उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी पाच-दहा सेकंद चालते, पुढे हवा लागते.

गळती दिसत नाही याचंही कारण सरळ आहे. टाकी खाली, पंप वर. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, त्यामुळे भोक असलं तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

शोधायचं असं: पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून इंजिनापेक्षा उंच ठेवा. टाकीकडून फिल्टरला येणारी नळी काढून तिच्या जागी कॅनमधली नळी जोडा. रिटर्नची नळीही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर सकाळपर्यंत कॅनमधलं डिझेल टाकीत गेलेलं असेल. हवा काढा, गाडी सुरू करून बंद करा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी ठणठणीत सुरू झाली आणि इंजिनाजवळ सगळं कोरडं असेल, तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. फिल्टरपाशी किंवा पुढे ओल दिसली तर दोष तिथेच. कॅन वर असल्याने आता दाब उलटा झालेला असतो, म्हणून जिथून हवा आत जात होती तिथून डिझेल बाहेर झिरपतं.

आधी बघायच्या जागा: हातपंपाचा पडदा आणि त्याच्या झडपा, फिल्टरच्या डोक्यावरची ओ-रिंग, बॅंजो बोल्टचे (डिझेल आतून जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर (एकदा दाबले गेलेले परत वापरू नका), आणि नोझलांवरून जाणाऱ्या बारीक, सुती वेष्टनाच्या रिटर्न नळ्या. या नळ्या कुणी बदलत नाही. कडक होऊन टोकाला चिरल्या की रोटरी पंपात उलट्या वाटेने हवा जाते. मीटरच्या मापाने मिळतात, सगळ्या एकदमच बदला.

हवा काढताना फिल्टरच्या डोक्यावरचा बोल्ट दीड फेरा सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा, आणि हातपंप दाबलेला असतानाच बोल्ट आवळा. नंतर हातपंप कडक लागेपर्यंत मारा. तरी सुरू झाली नाही तर दोन नोझलांचे पाइप-नट एक फेरा सैल करून सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंद, मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती. त्या वेळी हात लांब ठेवा. नोझलच्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ते थेट हॉस्पिटलचं काम आहे.

नवीन फिल्टर डिझेल भरून बसवत असाल तर कडेच्या लहान भोकांतून भरा. मधलं मोठं भोक गाळलेल्या बाजूचं असतं. तिथून ओतलेला कचरा सरळ पंपात जातो.

काळा_धूर

वरच्यात एक भर. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच. त्यामुळे पाणी हा त्याचा पहिला शत्रू. फिल्टरखालची चावी उघडून शंभर-एक मिलिलिटर डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. पाणी तळाशी वेगळं दिसतं. काळपट, बुळबुळीत गाळ दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भेटतात तिथे ते पोसले जातात. अशी टाकी उतरवून धुवावी लागते, नुसते फिल्टर बदलून काही साधत नाही.

डिचोलीचा_वेल्डर

चेसिसबद्दल. मासळीची गाडी म्हणजे पेट्यांतून गळणारं बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्याच्या फटीतून चेसिसवर पडलेलं. समुद्राच्या वाऱ्यापेक्षा हे जास्त खातं. शॅकलचा ब्रॅकेट जिथे चेसिसला रिव्हेट होतो त्या दोन पत्र्यांच्या मधे बघा. गंज तिथे फुगून पत्रे एकमेकांपासून ढकलतो.

अंडरकोटिंग आता मुळीच नको. डांबराचा थर गंजावर बसला की वरून कीर्तन, आतून तमाशा. कडेने सुटलेल्या भेगेतून पाणी आत जातं, मीठ आतच राहतं, आणि दोन वर्षांनी तो थर चेसिसच्या पत्र्यासकट हातात येतो.

क्रम असा ठेवा. आधी गोडं पाणी, दाब कमी आणि पाणी भरपूर. चेसिसच्या भोकांतून नळी आत घालून आतली बाजूही धुवा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. प्रेशर वॉशरने वरची माती जाते, मीठ खाचेत आणखी आत ढकललं जातं. मग मे महिन्याचं कडक ऊन निदान दोन दिवस. पाऊस सुरू झाला की हे काम होत नाही. पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) खरेदी जशी मेमध्येच उरकतो तसंच हेही.

वाळल्यावर लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज म्हणजे पत्रा शाबूत, बद्द आवाज म्हणजे पातळ झालाय. बद्द जागी जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून दाबा. आत गेला तर रंगाचा विषय संपला, वेल्डिंगचा सुरू झाला.

शाबूत भागाला: पापुद्रे छिन्नीने, मग ग्राइंडरला वायर ब्रश. चष्मा घालाच, तारा उडतात. फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर पातळ हाताने, चोवीस तास राहू द्या, काळं पडेल. ओल्या फडक्याने पुसून वाळवा. झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, वर चेसिस ब्लॅकचे दोन. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, तो पाणी पितो. आतल्या पोकळ बाजूला रंग पोचत नाही. तिथे लांब नळीचा कॅव्हिटी वॅक्स स्प्रे.

दारांच्या खालच्या कडेची आणि केबिनच्या पायरीखालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. अर्ध्या गाड्यांची दारं वरच्या पावसाने कुजत नाहीत, आत साठलेल्या पाण्याने कुजतात.

भाटकार

एवढा खटाटोप कशाला? जळकं ऑइल ब्रशने मारायचं चेसिसला. आमच्याकडे सगळे तेच करतात, फुकटचं आहे.

डिचोलीचा_वेल्डर

भाटकारबाब, गंज थोपतो हे खरं. पण पाट्यांचे रबर बुश आणि ब्रेकचे होज त्या ऑइलने फुगून मऊ पडतात, आणि पहिल्या पावसात ते ऑइल धुऊन जमिनीत जातं. घराशेजारी विहीर असेल तर पाणी कुठलं पिणार? शिवाय नंतर वेल्डिंग लागलं तर त्या जागी धड टाकाच बसत नाही. मारायचंच असेल तर वॅक्स मारा.

भाटकार

विहिरीचा मुद्दा पटला. बुशचा पटत नाही, पण असो.

शेड_आणि_शेणी

ठेवण्याबद्दल मी सांगतो.

शेजाऱ्यांचा पाच मिनिटांचा सल्ला सोडून द्या. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) तसंच राहतं, आणि सेल्फने खाल्लेली बॅटरी भरूनही निघत नाही. गाडी काढायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवायची, नाहीतर अजिबात सुरू करायची नाही.

ऑइल गाडी ठेवण्याआधी बदला, काढताना नव्हे. जुन्या ऑइलमधली काजळी आणि आम्लं चार महिने बेअरिंगांना लागून राहतात. १५डब्ल्यू-४० चालेल. नवीन ऑइल घालून दहा-पंधरा मिनिटं चालवा म्हणजे सगळीकडे पोचेल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून लोक साधं पाणी घालतात, पण कूलंट इथे गंज थांबवायला हवं असतं.

टाकी गळ्यापर्यंत भरा. रिकाम्या टाकीतली दमट हवा रात्री थंड होते आणि पत्र्याला घाम फुटतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, शक्य तर बॅटरी घरात ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उभी असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ वर आली की चार्जिंगला लावा. परत बसवताना आधी टर्मिनल आवळा, मग वरून व्हॅसलिन.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. पावसाळ्यात मागचे ब्रेक-लायनर ड्रमला धरतात. चाकांना लाकडी पाचर. क्लच पेडल दाबून त्यावर लाकडाची पट्टी अडकवा, म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय जास्त हवा.

मातीवर जाड प्लास्टिक अंथरा, म्हणजे जमिनीची वाफ चेसिसला लागणार नाही. पण गाडीवर निळी ताडपत्री गुंडाळू नका. आत घाम साचतो. शेडच्या बाजू उघड्या आहेत हे चांगलंच, फक्त पावसाच्या झडीची बाजू झाका.

एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी, सायलेन्सरच्या तोंडात फडकं. माडाच्या बागेत उंदीर-घुशी पावसात कोरडी जागा शोधतात. वायरिंग आणि फिल्टर त्यांना घरटं म्हणून पसंत पडतं. फडकं कोंबलंय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा.

चुडतांची_सावली

सगळ्यांचे आभार. कॅन लावून बघितला. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू, बंद पडली नाही, इंजिनाजवळ सगळं कोरडं. लाइन खालून तपासली तर चेसिसच्या क्लिपखाली लोखंडी पाइप गंजून खडबडीत झालाय. क्लिप काढल्यावर टाचणीएवढं भोक दिसलं. तेवढा तुकडा कापून रबराची नळी घालू का? आणि चाकं उचलून ठेवायची तर खाली चिरे चालतील का? अंगणात पडलेत.

पंपनोझल

सापडलं म्हणायचं. सगळा पाइपच बदला. एका क्लिपखाली भोक पडलं असेल तर बाकीच्या क्लिपांखालीही तीच गत असणार. त्याच व्यासाचा नवा स्टीलचा पाइप, आणि प्रत्येक क्लिपखाली रबराची पट्टी. क्लिप आणि पाइप यांच्यात ओली माती अडकते, म्हणून भोक नेहमी तिथेच पडतं. तात्पुरता सांधा करायचा तर डिझेलचीच नळी घ्या, पाण्याची पारदर्शक नळी नको, ती कडक होते. पाइपच्या टोकाला उठाव (फुगीर कडा) काढून घ्या आणि दोन्ही बाजूंना क्लिप.

डिचोलीचा_वेल्डर

चिऱ्यांवर गाडी ठेवायची नाही! चिरा भिंतीत छान, कारण तिथे वजन सगळ्या पृष्ठभागावर बसतं. ॲक्सलखाली वजन एका टोकावर येतं आणि चिरा आधी काही न सांगता फुटतो, ओला तर आणखी लवकर. ॲक्सल स्टँड घ्या, त्याखाली जाड फळी, म्हणजे मातीत रुतणार नाही.

आणि चेसिसला ठिगळ लागलंच तर बॅटरी आणि डायनामोच्या वायरी काढून, टाकी उतरवून. ठिगळाची टोकं तिरकी कापून घ्या. सरळ उभं कापलं तर त्याच रेषेवर चेसिसला तडा जातो. वरच्या-खालच्या पट्टीला आडवा टाका मारू देऊ नका.

काळा_धूर

मालवाहू पासिंग असेल तर आठ वर्षांपुढच्या गाडीचं फिटनेस दर वर्षी. तारीख पावसाळ्यात येतेय का बघा. आली तर ठेवण्याआधीच उरका, कारण चेसिसची तपासणी तिथे होतेच. पीयूसीला बीएस-४ (भारत स्टेज-४ प्रदूषण मानक) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक). एअर फिल्टर स्वच्छ आणि इंजिन पुरतं तापवून जा, बराच काळा धूर तेवढ्यानेच कमी होतो.

चुडतांची_सावली

फिटनेस ऑक्टोबरमध्ये आहे. शेवटचं एकच. चवथीला बाहेर काढताना सरळ किल्ली फिरवायची ना?

शेड_आणि_शेणी

नाही. आधी जाळी, सायलेन्सरचं फडकं आणि क्लचची पट्टी काढा. ऑइल आणि कूलंटची पातळी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर थांबा, आत पाणी गेलंय. फिल्टरखालचं पाणी काढा, हातपंप मारून हवा काढा. मग पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून दहा सेकंद सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा, डॅशवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. डिझेल बंद असल्याने इंजिन पेट घेत नाही आणि बेअरिंगांना ऑइल पोचतं. वायर परत लावा. किल्ली दिल्यावर सोलेनॉइडचा टक् आवाज आला पाहिजे. नाही आला तर दमट हवेने टर्मिनल हिरवं पडलंय, पॉलिश पेपरने घासा. सुरू झाली की रेस करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलवर राहू द्या. गेटबाहेर पडण्याआधी अंगणातच ब्रेक मारून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा ड्रम घासल्याचा आवाज येईल, तो गंज निघतोय. आवाज थांबला नाही किंवा गाडी एका बाजूला ओढली तर ड्रम उघडा.