रॉकी माउंटन नॅशनल पार्क: आई-बाबा आणि ६ वर्षांची मुलगी सोबत

डोंगरवेडी: जुलैत कोलोरॅडोला जातोय. बाबा ६८ वर्षांचे, गुडघा कुरकुरतो. ट्रेल रिज रोडवर उंचीचा त्रास होईल का? दोन दिवस पुरतील?

भटक्या_बाप: आम्ही तिघं आणि सासूबाई गेलो होतो. पहिल्याच दिवशी वर जायची घाई केली, ती चूक. तो रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त! पिशवीतली वेफर्सची पाकिटं टम्म फुगली आणि लेकीचं डोकं ठणकायला लागलं. खाली एस्टेस पार्क गावात उतरल्यावर तासाभरात स्वारी खेळायला मोकळी. तेव्हा पहिली रात्र तिथेच काढा, पाणी पीत राहा.

बाबांसाठी स्प्रेग लेक. सपाट वाट, मैलभरसुद्धा नाही. सासूबाईंनी काठावर बसून दशम्या-चटणी सोडली, तर चिपमंक (खारीसारखा प्राणी) थेट पदराशी! त्यांना काही घालायचं नाही हं, नियम आहे. एल्क हरणांपासूनही ७५ फूट लांब.

दुपारी विजा कडाडतात, वर झाडच नाही आडोशाला. बारापर्यंत खाली या.

डोंगरवेडी: बेअर लेकला आधी बुकिंग लागतं ना?

भटक्या_बाप: उन्हाळ्यात ठरावीक वेळेचा परवाना लागतो. आम्ही तो विसरलो, मग पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवून पाचच्या आत गेट गाठलं. बायको अजून ऐकवते. पण तळ्यात हॅलेट शिखर उलटं दिसत होतं, तेव्हा तीही गप्प होती.

डोंगरवेडी: स्वेटर?

भटक्या_बाप: जुलैतही. कानटोपीसकट.