‘पुस्तकं संपली म्हणून मालिका बिघडली’ हे कारण खोटं आहे (गेम ऑफ थ्रोन्स)

वैनगंगाकाठ
‘गेम ऑफ थ्रोन्स’चा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच: पहिले चार सीझन झकास, पुढे मूळ लेखक मार्टिनची पुस्तकंच संपली, मालिकावाले बिचारे काय करतील? हे मला मान्य नाही. आधी आकडे बघा.

तिसऱ्या पुस्तकात (२०००) ८२ प्रकरणं आहेत. मालिकेने ती मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या सीझनच्या २० भागांत बसवली. चौथं पुस्तक (२००५) ४६ प्रकरणांचं आणि पाचवं (२०११) ७३ प्रकरणांचं, म्हणजे दोन्ही मिळून ११९. एवढा माल पाचव्या सीझनच्या १० भागांत उरकला, उरलासुरला सहाव्यात ढकलला. पुस्तकं संपली नव्हती, ती बाजूला ठेवली गेली.

त्यातली सगळ्यात महागात पडलेली काटछाट म्हणजे तरुण एगॉन. पाचव्या पुस्तकात हा पोरगा स्वतःला रेगारचा, म्हणजे राजगादी मागणाऱ्या डेनेरिस टारगेरियनच्या मेलेल्या भावाचा, मुलगा म्हणवतो. रेगारचा जुना मित्र जॉन कॉनिंग्टन आणि भाडोत्री फौज घेऊन तो डेनेरिसच्या आधीच वेस्टेरोस राज्यात उतरतो. त्याच पुस्तकाच्या शेवटी हेरप्रमुख व्हॅरिस राज्याचा कारभारी केव्हन लॅनिस्टरला मारतो, कारण केव्हन राज्य नीट चालवतोय आणि ते एगॉनला परवडणारं नाही. व्हॅरिसची एवढ्या वर्षांची सगळी कारस्थानं इथे एका धाग्यात येतात. मालिकेत एगॉनच नाही, त्यामुळे सहाव्या सीझनपासून व्हॅरिस नुसता शेरे मारत फिरतो आणि आठव्यात चिठ्ठ्या लिहून मरतो. डेनेरिसचंही तेच. लोकांनी आधीच दुसऱ्या टारगेरियनला डोक्यावर घेतलंय, हे तिला दिसलं असतं तर तिच्या रागाला जमीन मिळाली असती. आठव्या सीझनमध्ये शरणागतीच्या घंटा वाजतात आणि ती शहर जाळते, यात मधली पायरीच नाही.

पऱ्हाटी
भाऊ, बेरीज बरोबर हाय पण हिशोब चुकला. प्रकरणं मोजून काय होते? त्यात घडते किती ते पाहा ना. चौथ्या पुस्तकात लढवय्यी ब्रियेन पळून गेलेल्या सान्सा स्टार्कले शोधत गावोगाव फिरते. सान्सा व्हेलच्या डोंगरात लपून हाय हे वाचणाऱ्याले पयलेपासून माहीत. पाचव्यात डेनेरिस समुद्रापल्याडच्या मीरीन शहरामंधीच अडकून रायली. अन् शेवटी काय? मीरीनची लढाई तोंडावर आली अन् पुस्तक बंद. विंटरफेल किल्ल्यासमोर राजगादीचा दुसरा दावेदार स्टॅनिस बर्फात रुतून बसला अन् पुस्तक बंद. दोन्ही लढाया लेखकानं सहाव्या पुस्तकात नेल्या अन् ते पुस्तक अजून निघालंच नाई.

टीव्हीवाल्याले असं जमते का? दहा भाग दाखवले का काहीतरी शेवट द्यावाच लागते. तुमी म्हणता ते ११९ प्रकरणं जशेच्या तशे काढले असते तं दोन सीझन नुसती पायपीट दिसली असती.

अन् मालिकेनं भर घातली ते बी सांगा ना. हार्डहोम घ्या. पुस्तकात उत्तरेच्या भिंतीची राखण करणाऱ्या जॉन स्नोकडे तिथून फक्त चिठ्ठी येते, लढाई आपल्याले दिसतच नाई. पाचव्या सीझनच्या आठव्या भागात तेच गाव डोळ्यासमोर मरते अन् मेलेले उठून उभे रायतात. सबन मालिकेत एवढी भेव दाखवणारी दुसरी जागा सांगा.

दर्यापूर_वाचनालय
तुम्ही दोघंही पाचव्या सीझनवर अडून बसलात. बिघाड त्याआधीचा आहे, आणि तोही पुस्तक समोर उघडं असताना केलेला.

चौथ्या सीझनचा शेवट आठवा. टिरियन लॅनिस्टर बापाला, टायविनला मारतो. पुस्तकात त्याआधी भाऊ जेमी त्याला खरं सांगतो: टिशा, टिरियनची पहिली बायको, पैसे देऊन आणलेली वेश्या नव्हती. ती खरोखर एका साध्या शेतकऱ्याची मुलगी होती, आणि ते खोटं जेमीने टायविनच्या हुकमावरून सांगितलं होतं. टिरियन संडासात बसलेल्या टायविनला टिशा कुठे आहे एवढंच विचारत राहतो. बाण त्या उत्तरासाठी सुटतो. आणि जेमीशी त्याचं नातं तिथेच तुटतं, कारण जाता जाता टिरियनही त्याला बहीण सर्सीबद्दल झोंबेल असं बोलून जातो.

मालिकेने टिशाचा उल्लेख पहिल्या सीझनमध्ये करून ठेवला होता. म्हणजे पाया घातलेला होता. ऐनवेळी तो वापरला नाही. परिणाम काय? दोघं भाऊ गळाभेट घेऊन वेगळे होतात, आणि पुढच्या चार सीझनमध्ये टिरियन शहाणपण सांगणारा गोड माणूस होऊन बसतो. पाचव्या पुस्तकातला टिरियन कडू आहे, क्रूरही आहे. इथे पुस्तक संपल्याची सबब चालणार नाही.

सान्साचा भाऊ रॉब स्टार्कचंही तसंच. पुस्तकात तो क्रॅगच्या किल्ल्यात जखमी पडलेला असताना भाऊ मेल्याची बातमी येते, त्या रात्री जेन वेस्टरलिंग त्याला धीर देते, आणि सकाळी तिची अब्रू राखायची म्हणून तो लग्न करतो. बापाचा सचोटीचा हट्टच त्याला बुडवतो. मालिकेतली टालिसा म्हणजे सरळ प्रेमविवाह. फ्रे घराण्याला त्यांच्या पोरीशी लग्नाचा दिलेला शब्द दोन्हीकडे मोडतो, पण मालिकेत रॉब नुसता बेफिकीर वाटतो.

वडसा_पडद्यामागे
पात्रं गाळली, पात्रं जोडली म्हणून रडण्यात अर्थ नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात हे दर हंगामात करावं लागतं. नाटक रात्री दहाच्या पुढे उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तरी कंपनीत नट मोजकेच. संहितेत चौदा पात्रं असली आणि माणसं दहा असली, की दोन भूमिका एकात घालायच्या. पण त्याला नियम आहे: ज्या दोन पात्रांना एकच गोष्ट हवी असते किंवा ज्यांच्याकडून एकच काम करून घ्यायचं असतं, तीच जोडायची. नाहीतर तिसऱ्या अंकात नट विचारतो, “मी इथे आलोच कशाला?”

हा नियम मालिकेला लावून बघा. पुस्तकात स्टॅनिसची पुजारीण मेलिसांड्रा हिला मेलेल्या राजा रॉबर्टच्या रक्तासाठी एड्रिक स्टॉर्म हवा असतो. मालिकेत ते काम गेंड्रीला दिलं. दोघंही रॉबर्टची अनौरस पोरं, दोघांकडून रक्तच हवं, दोघांनाही स्टॅनिसचाच माणूस डावोस बोटीत बसवून पळवून लावतो. चोख काम. हॅरनहॉल किल्ल्यात सान्साची बहीण आर्या पुस्तकात रूस बोल्टनची पेला भरणारी पोरगी असते. मालिकेने तिला टायविनसमोर उभं केलं आणि दुसऱ्या सीझनमधले सगळ्यात चांगले प्रसंग त्यातून निघाले. तिला तिथे लपून राहायचंच होतं, ते बदललं नाही.

आता सान्सा. पुस्तकात रूस बोल्टनच्या क्रूर पोराशी, रॅमसीशी, लग्न लावतात ते सान्साच्या मैत्रिणीचं, जेन पूलचं, तिला आर्या म्हणून खपवून. जेनला पर्याय नाही आणि तिला गमावून कारस्थानी लिटलफिंगरचं काही बिघडत नाही. त्या जागी सान्सा घातली की काय होतं बघा. उत्तरेचा मुलूख हातात घ्यायची लिटलफिंगरची एकमेव किल्ली म्हणजे सान्सा. पुस्तकात तो तिला व्हेलमध्ये लपवतो आणि हॅरॉल्ड हार्डिंगशी लग्न जुळवतोय. मालिकेत तोच माणूस तिला बोल्टनांच्या घरी सोडून जातो, आणि रॅमसी कसा आहे याची त्याला खबरच नाही. ज्याचे हेर राज्यभर त्याला एवढं माहीत नाही? दोन पात्रं जोडताना तिसरं पात्र मूर्ख ठरलं. वैनगंगाकाठ, एगॉनपेक्षा ही चूक मोठी आहे. एगॉन तर उभाच केला नाही, लिटलफिंगरला मात्र चार सीझन हुशार म्हणून वाढवला होता.

मेळघाटी
सगळे राजकारणावर बोलताय, पोटाचं कोणी बोलत नाही.

हिवाळा येणार म्हणजे कोठारात किती आहे हा प्रश्न येणार. पाचव्या पुस्तकात जॉन कोठारप्रमुख बोवेन मार्शसोबत भिंतीखालच्या कोठारांतला साठा बघतो, भिंतीपलीकडचे रानटी लोक आत घेतल्यावर तो किती दिवस पुरेल याचा वाद होतो. मग तो ब्राव्होसच्या लोखंडी बँकेच्या टायको नेस्टोरिसकडून धान्यासाठी कर्ज काढतो. चौथ्या पुस्तकात सर्सी त्याच बँकेचे हप्ते थांबवते, आणि धर्मपीठाचं नऊ लाखांवर मोहरांचं देणं माफ व्हावं म्हणून पुजाऱ्यांना शस्त्रं परत देते. मग तेच तिला पकडून कोठडीत टाकतात. कर्ज कुठून आलं, कुठे गेलं आणि कोणाच्या मानेवर बसलं, हे पान-पान उलगडत जातं. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

मालिकेत सातव्या सीझनमध्ये हायगार्डन लुटून सर्सी एका दमात बँकेला मोकळी करते. त्याच लुटीतल्या धान्याच्या गाड्या डेनेरिसचा ड्रॅगन जाळतो. नंतर ती एवढी फौज घेऊन विंटरफेलला जाते, तिथे सान्सा एकदा विचारते की यांना खाऊ काय घालायचं, आणि विषय तिथेच संपतो. पाचव्या सीझनमध्ये रॅमसी वीस माणसं घेऊन स्टॅनिसच्या छावणीचा साठा जाळून जातो. एवढ्या मुरलेल्या सेनापतीच्या चाऱ्याला राखण नव्हती? पुस्तकातला स्टॅनिस जॉनचं ऐकून आधी डोंगरातल्या टोळ्यांकडे जातो, त्यांच्या हातचं खातो, त्यांना सोबत घेऊन डीपवूड मोट सोडवतो, तेव्हा कुठे उत्तरेतली माणसं त्याच्यामागे येतात.

अंतराचंही तेच. भिंत ३०० मैल लांब, म्हणजे जवळपास गोंदिया ते बुलढाणा. सातव्या सीझनच्या सहाव्या भागात गेंड्री मदत मागायला बर्फातून पळत भिंतीवरच्या ईस्टवॉचला जातो, तिथून कावळा भिंतीच्या कितीतरी पट लांब ड्रॅगनस्टोनला जातो, तिथून ड्रॅगन येतो, आणि मेलेल्यांनी वेढलेली जॉनची मंडळी तळ्याच्या मधोमध खडकावर अजून उभीच.

पऱ्हाटी
मेळघाटी भाऊ, धान्याचं मानलं. पण जॉनवर सुरे चालले ते काहून, हे मालिकेनं सोपं केलं अन् बरंच केलं. पुस्तकात तो रॅमसीची चिठ्ठी आल्यावर विंटरफेलवर जातो म्हणते, मंजे भिंतीवाल्यायनं राजकारणात पडू नये ही शपथच मोडते. टीव्हीवर एका सीनमंधी हे कळत नाई. रानटी लोकाले आत घेतलं म्हणून मारलं, हे कोणालेबी कळते. ऑली नावाचं पोरगं त्यासाठीच घातलं, त्याचे मायबाप आपल्याच डोळ्यासमोर मारले.

वैनगंगाकाठ
कळतं, पण वजन घटतं. पुस्तकात बोवेन मार्श सुरा मारताना रडतो, आणि त्याच्या बाजूनेही बोलता येतं. मालिकेत मारणारे सरळ खलनायक आहेत.

नवखा_पुसद
मालिका पूर्ण पाहून झाली. आता पुस्तकं कुठून सुरू करू? चौथ्या सीझनपर्यंतचं सोडून थेट चौथं पुस्तक घेतलं तर चालेल का?

दर्यापूर_वाचनालय
नाही चालणार. पहिल्यापासूनच घ्या. लेडी स्टोनहार्ट नावाची बाई तिसऱ्याच्या अगदी शेवटच्या प्रकरणात येते आणि मालिकेत ती नाहीच. तिच्याशिवाय चौथ्यातली ब्रियेनची गोष्ट अर्धवट वाटेल.

विकत घेताना एक बघा. कादंबऱ्या पाच आहेत, पण आपल्याकडे मिळणाऱ्या संचात बहुतेक वेळा सात खंड असतात, कारण तिसरी आणि पाचवी प्रत्येकी दोन भागांत छापलेली असते. सुटी घेताना तिसरीचा फक्त पहिला भाग हाती पडला तर लाल लग्न, म्हणजे रॉबच्या कत्तलीचा प्रसंग, त्यात नसतो.

चौथी आणि पाचवी कादंबरी बऱ्याच अंशी एकाच काळात घडते, पात्रं प्रदेशानुसार वाटलेली आहेत. दोन्हींची प्रकरणं एकमेकांत गुंफून वाचायचे क्रम चाहत्यांनी तयार केलेत. पहिल्या वाचनाला ते नको. जॉन मित्र सॅमला भिंतीवरून पाठवतो तो प्रसंग दोन्ही पुस्तकांत आहे, एकदा सॅमच्या नजरेतून, एकदा जॉनच्या. चौथ्यात सॅमसोबतची गिली जहाजावर का रडते हे सॅमला हळूहळू कळतं. पाचव्यातलं जॉनचं प्रकरण आधी वाचलं तर ते कोडं उरतच नाही. आधी अख्खं चौथं, मग अख्खं पाचवं.

वडसा_पडद्यामागे
जाता जाता याच जगातल्या जुन्या काळावरच्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ मालिकेकडेही बघा. तिथे आधारग्रंथ २०१८ सालीच छापून झालेला, त्यात टारगेरियन घराण्यातल्या त्या यादवीचा शेवटही आहे. मग तिथे कोणती सबब? पुस्तकात मारेकरी राणी हेलेनाला विचारतात, दोन पोरांपैकी कोणतं मारू? ती धाकट्या मेलरचं नाव घेते, आणि ते मोठ्याला मारतात. मालिकेत मेलर नाहीच. खुद्द मार्टिनने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर जाहीर टीका लिहिली, मग ती काढून टाकली. मालिकाकाराचं कारण व्यवहाराचं होतं: खर्च, आणि दोन वर्षांच्या पोराला घेऊन चित्रीकरण करायची कटकट.

पऱ्हाटी
मंग ते कारण खरंच हाय ना! दोन वर्साचं लेकरू दिव्यायसमोर बसते का? रडते, झोपते, त्याच्या कामाच्या तासायले बंधनं रायतात. एका सीनसाठी सबन युनिट थांबून रायते.

वडसा_पडद्यामागे
मंचावर कापडाचं गाठोडं धरून भागतं, त्यांचं का भागू नये? प्रश्न त्या एका सीनचा नाहीच. पुस्तकात मेलरला लपवून नेत असताना बिटरब्रिजला जमाव त्याला फाडतो. त्याचा सूड म्हणून ते गाव जळतं. पुढे हेलेनाचा शेवट येतो आणि राजधानी पेटते. आता बिटरब्रिजला मारायला पोरगंच नाही, तर गाव कशासाठी जाळणार, ते सांगा.