आंबा-काजूवरच्या घराचा वार्षिक आढावा: वर्ष नेमकं कधी संपवायचं?

वाडीवरची

नमस्कार. देवगड तालुक्यातलं घर, माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगा आठवीत, मुलगी सात वर्षांची आणि सासूबाई. वर्षभरात निदान एक लाखाने पुढे सरकायचं असं गेल्या वर्षी ठरवलं होतं. गेल्या 31 मार्चला बँकेत 1,45,000 होते, यंदा 62,000. म्हणजे 83 हजार मागे. हप्ते तर सगळे वेळेवर गेले आणि मोठी खरेदीही काही नाही.

आकडे देते. पगार हातात महिना 32,000. बाग 70 कलमांची, यंदाच्या पट्ट्या (दलालाकडच्या विक्रीच्या हिशेबचिठ्ठ्या) मिळून 4,60,000. त्यातून फवारणी-औषधं 95,000, मजुरी 70,000, खत 20,000 गेले, म्हणजे बागेतून 2,75,000 सुटले. काजू बीचे 40,000. दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्याचे खर्च जाऊन 90,000. घरखर्च महिन्याला 24,000. शिवाय वर्षातून एकदाच येणारे: गणपती 35,000, पावसाआधी घराची डागडुजी 25,000, शिमगा 10,000, शाळा 40,000, विम्याचे हप्ते 22,000.

देणं: खोल्यांसाठी काढलेलं कर्ज 4,80,000 बाकी (साडेनऊ टक्के, हप्ता 10,080), विकास सोसायटीचं पीककर्ज 1,50,000, दागिन्यांवर 1,20,000 (बारा टक्के). ठेवी: पतसंस्थेत 3,50,000, पीपीएफ 2,10,000, मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धी 95,000.

आढावा नक्की कसा घ्यायचा? आणि पुढच्या वर्षी काय धरून चालू? एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम) सुरू कर असं सगळेच सांगतात.

जमाखर्च

ताई, पहिली चूक तारखेची. 31 मार्च ही सरकारची वर्षअखेर, हापूसवाल्या घराची नव्हे. त्या दिवशी औषधं, खत, राखण, पेट्या असा खर्च जवळजवळ सगळा होऊन गेलेला असतो आणि माल निम्माही उतरलेला नसतो. त्यातून मोहोर उशिरा आला की मार्चमधली विक्री एप्रिल-मेमध्ये सरकते. मग खर्च एका वर्षात, पैसे दुसऱ्या वर्षात. पासबुकात घट दिसते ती बहुधा एवढीच. आयकरासाठी मार्च ठेवा, घरासाठी 30 जून धरा. तोवर पट्ट्या आलेल्या असतात, काजू गेलेला असतो, खोल्या बंद झालेल्या असतात.

त्या दिवशी एका पानावर दोन रकाने काढा. डावीकडे बँक, दलालाकडून यायची बाकी, ठेवी, पीपीएफ, सुकन्या. उजवीकडे सगळी देणी, आजपर्यंत चढलेल्या व्याजासकट. दागिन्यांवरच्या कर्जाचं व्याज बऱ्याच ठिकाणी शेवटी एकदम भरायचं असतं, त्यामुळे ते हिशेबातून हमखास निसटतं. जमीन, घर, कलमं डावीकडे लिहू नका. त्यांचा भाव वाढला म्हणून तुम्ही विकणार नाही, मग प्रगती मोजताना त्यांचा उपयोग काय? सोनंही रुपयात न लिहिता ग्रॅममध्ये लिहा, नाहीतर दर चढला तरी आपण बचत केली असं वाटतं. गेल्या 30 जूनचं पानही पासबुकांवरून आत्ताच तयार करून घ्या. दोन पानांतला फरक तेवढी तुमची वर्षाची चाल.

दुसरं, बागेचे 2,75,000 मला पटत नाहीत. पट्टीतली वरची रक्कम धरलीत की हातात आलेली? नेहमी वरची रक्कम जमेला लिहा आणि कापलेली प्रत्येक बाब खर्चाला. थेट निव्वळ रक्कम लिहिली तर दलालाकडे काय गेलं ते कधीच कळत नाही. फळ-भाजीची अडत (दलाली) 2016 पासून राज्यात खरेदीदाराने द्यायची आहे. तुमच्या पट्टीत ती किंवा तिच्यासारखं दुसऱ्या नावाचं काही वजा असेल तर विचारा. दलालाकडून आगाऊ उचल घेतली असेल तर भावातही ती वसूल होते, पण ते कागदावर येत नाही. पेट्या, पेंढा, टेम्पो, हमाली, राखणदार आणि सोनेतारणाचं व्याज हे तुमच्या यादीत दिसतच नाही.

वाडीवरची

बरोबर, 4,60,000 ही वरचीच रक्कम. पट्टीतली कपात 42,000, पेट्या-पेंढा-टेम्पो 48,000, राखणदार 30,000, दागिन्यांचं व्याज 14,400. एकूण 1,34,400 धरायचे राहिले होते. म्हणजे बागेतून सुटले फक्त 1,40,600!

जूनची पानं अशी झाली. यंदा: बँक 3,05,000, दलालाकडे 90,000, पतसंस्था 3,50,000, पीपीएफ 2,10,000, सुकन्या 95,000, मिळून 10,50,000. देणं 4,80,000, दागिने व्याजासह 1,34,400, सोसायटी 1,50,000, म्हणजे 7,64,400. उरले 2,85,600.
गेल्या जूनला: जमेला 9,10,000, देणं 8,14,000, उरले 96,000.

जमाखर्च

मग तुम्ही 1,89,600 रुपयांनी पुढे आहात. लाखाचं उद्दिष्ट पार करून वर जवळजवळ नव्वद हजार. त्यात कर्जाचं मुद्दलच 72 हजारांनी उतरलंय, जे पासबुकात कधी दिसत नाही.

आता उलटा ताळा करा. पगार 3,84,000, खोल्या-काजू 1,30,000, बाग 1,40,600, ठेवींचं व्याज पन्नासएक हजार: साधारण 7,04,000. खर्च: घर 2,88,000, वार्षिक 1,32,000, हप्त्यांतलं व्याज 49,000, म्हणजे 4,69,000. सव्वादोन लाखांच्या वर, 2,35,000 वाढायला हवे होते. 45 हजारांचा मेळ बसत नाही. उधारी, औषधपाणी, आहेर, मोबाइल यांत ते सापडतील. घरखर्च 24,000 हा अंदाज असणार, खरा खर्च त्याहून जरा चढाच असतो.

खाडीपलीकडे

जमाखर्चांचं पान बरोबर आहे, पण या घराचं खरं दुखणं जुलै ते ऑक्टोबरमधलं आहे. बघा.

महिन्याला लागतात: घर 24,000, हप्ता 10,080, आणि वार्षिक खर्चाचे 1,32,000 भागिले बारा म्हणजे 11,000. बेरीज 45,080. पगार 32,000. दरमहा 13,080 कमी. वर्षाचे 1,57,000 झाले, खोल्या-काजूचे 1,30,000 त्यात भरले तरी 27,000 तुटतात. म्हणजे आंबा पूर्ण बुडाला तरी घर तेवढ्यानेच तुटेल (बागेवर घातलेला खर्च वेगळा). हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, घाबरायचं कारण नाही.

बुडणारी गोष्ट वेगळीच आहे. बागेत हंगामाआधी लागतात 95 + 70 + 20 + 48 + 30, म्हणजे 2,63,000. सोसायटी देते 1,50,000. कमी पडतात 1,13,000. आणि तुमचे दागिने कितीला गेलेत? 1,20,000. हौसेचं कर्ज नाही ते, बागेचं भांडवल आहे.

आज हातातल्या 3,95,000 मधून (दलालाची बाकी धरून) सोसायटी आणि दागिने फेडले की उरतात 1,10,600. पुढच्या हंगामाचं भांडवल जवळपास तेवढंच! पण जून ते सप्टेंबर खोल्या बंद. चार महिन्यांत 52,000 घराला जातात, गणपतीला अंदाजापेक्षा जास्त खर्च झाला तर आणखी. दसरा येतो तेव्हा पन्नास-साठ हजार उरलेले आणि औषधांचं बिल समोर. पावसाळा फवारणीचे पैसे खातो, म्हणून दरवर्षी दागिने जातात.

तेव्हा पुढच्या वर्षाचं ध्येय एकच ठेवा: ऑक्टोबरमध्ये दागिने घरात. त्यासाठी वेगळं बचत खातं उघडा, एटीएम कार्ड नको, 1,13,000 आत्ताच तिकडे टाका. पावसाळ्याच्या तुटीसाठी पतसंस्थेतली पहिली मुदत संपणारी ठेव, साधारण 55,000 ची, नूतनीकरण न करता काढून घ्या. बारा टक्क्यांचं 14,400 व्याज वाचतं, ठेवीवरचं पाचएक हजार जातं. दागिने सुटले की दुसऱ्या वर्षापासून ते पैसे बागेतच फिरत राहतील.

एसआयपी आंब्याच्या पैशातून नको. हापूस एका वर्षाआड धरतो, हप्ता मात्र दर महिन्याला जायचा. पगारातून 2,000 सुरू करायचे असतील तर ते दागिने सुटल्यावर. त्याआधी ती 45 हजारांची गळती शोधा, त्यातूनच ते निघतील.

सोसायटीकाठ

पीककर्जावर थोडं. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज 7 टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सूट, आणि उरलेलं व्याज राज्य डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून भरतं. तारीख एक दिवस जरी चुकली तरी 1,50,000 वर वर्षाचे 10,500 तुमच्या अंगावर. सचिवांकडून शेवटची तारीख लिहून घ्या आणि आठ दिवस आधी भरा. नवं-जुनं (जुनं कर्ज भरून लगेच नवं घेणं) करायला चार दिवसांसाठी सावकाराकडून पैसे उचलायची पद्धत आहे, ती शेकड्याने महाग पडते. तुमच्याकडे आज रोख आहे, तेव्हा गरजच नाही.

हवामानावर आधारित फळपीक विमा नोव्हेंबरमध्ये विसरू नका. पीककर्जदारालाही आता तो ऐच्छिक आहे, त्यामुळे सोसायटीने कापला असेलच असं धरू नका, पावती बघा. ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून करायची सातबाऱ्यावरची पीकनोंद) कलमांची नोंद हवी. हेही लक्षात ठेवा की भरपाई तुमच्या बागेतलं नुकसान बघून मिळत नाही, महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पाऊस-तापमानाचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मिळते. तुमच्या वाडीत अवेळी पाऊस पडला आणि केंद्रावर नाही, तर हातात काही नाही. पैसे यायलाही महिने जातात, म्हणून ती रक्कम 30 जूनच्या पानावर जमेला लिहू नका.

कौलारू

पतसंस्थेत 3,50,000 एका ठिकाणी, हे मला खुपतंय. बँक बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं (फेब्रुवारी 2020 पासून, त्याआधी 1 लाख होतं). हे नागरी आणि जिल्हा सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला नाही, मग दारावर कितीही मोठी पाटी असो. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं ते या जोखमीचं. 55,000 आत्ता काढा, बाकीच्या पावत्या मुदत संपेल तशा बँकेत किंवा टपाल खात्यात हलवा. मुदतीआधी मोडू नका, व्याज कापतात.

घराचा विमा कुणी काढलाच नाही? 3 जून 2020 चं निसर्ग आणि मे 2021 चं तौक्ते झाल्यावरही आपल्याकडे पत्रे उडाले की पंचनाम्याचीच वाट बघतात. ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे. रक्कम ठरते बांधकामाचं क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम दर यावर, जमीन धरत नाहीत. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के (कमाल 10 लाख) आपोआप संरक्षण. मात्र खोल्या पर्यटकांना देता हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा काढतील. 22,000 च्या विमा हप्त्यांत हे नसेल तर एखादी जुनी बचत-विमा पॉलिसी काय देते ते आधी तपासा. पगार आणणाऱ्याचा मुदत विमा आणि घराचा विमा या दोन्ही गोष्टी तिच्या आधी.

आणि गाऱ्हाणं घालतंय तसं एक सांगतंय: वही सगळ्यांका दिसाक व्हयी. चाकरमानी येवच्या आधी गणपतीचो आकडो घरात बोलून टाका, मागाहून कोणाकच तोंड फिरवूक नको.

वाडीवरची

सगळ्यांचे आभार. 1,13,000 चं खातं सोमवारी उघडते. सुकन्यात जास्त टाकायचे का, तेवढं सांगा.

जमाखर्च

यंदा नको, आहे तेच चालू ठेवा. वर्षाला किमान 250 भरले तरी खातं बंद पडत नाही, कमाल दीड लाख. दर सरकार तिमाहीला ठरवतं, जानेवारी 2024 मध्ये तो 8.2 टक्के झाला. मुलगी सात वर्षांची आहे, खातं उघडल्यापासून 15 वर्षं भरता येतं, तेव्हा घाई नाही. बारा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना आठ टक्क्यांत पैसे अडकवण्यात अर्थ नाही. जे भराल ते मात्र महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा. 5 तारीख ते महिनाअखेर यातल्या कमीत कमी शिलकेवर व्याज धरतात, पीपीएफलाही तेच. टपाल खात्यात धनादेश देणार असाल तर तो वठायचे दोन-तीन दिवस आधीचे धरा.